दुसऱ्या क्रमांकाच्या बाई

मित्रांनो, क्लास म्हटलं की तुम्हाला बाकं आठवतील. माझ्यात बाकं नाहीत. मी संगणकाच्या प्रोग्राममधला एक जुना क्लास आहे, म्हणजे माहिती आणि ती हाताळायचे नियम यांचं एकत्र बांधलेलं गाठोडं. वय वर्षं अकरा. आमच्यात हे म्हातारपणच.

एका रुग्णालयात हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी थांबलेल्या माणसांची रांग मी सांभाळतो. मला इथल्या प्रोग्राम लिहिणाऱ्या ताईने लिहिलं. प्रत्येकाचा क्रमांक तिने माझ्या आत ठेवला आणि त्यावर 'प्रायव्हेट' असा शब्द घातला. मग बाहेरच्या कुठल्याच प्रोग्रामला तो परस्पर बदलता येईना. बदलायचा तर माझ्या दारातून यायचं. कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं, कारण काय, हे मी विचारणार. उत्तर नसेल तर आल्या पावली परत. माझं कौतुक कधी झालं नाही. रांग चुकली नाही म्हणून कोण कुणाची पाठ थोपटतं?

एकदा रुग्णालयाच्या साहेबांना तपासणी समितीसाठी अक्षरक्रमाने यादी हवी झाली, तीही जेवणाच्या सुट्टीआधी. छपाईचा प्रोग्राम नावांना नवे अनुक्रमांक देऊन ते माझ्याच आत लिहू पाहत होता. मी अडवलं.

"ते प्रायव्हेट काढून टाक ना," साहेब म्हणाले. "सगळे प्रोग्राम आपलेच. घरातल्या घरात कुलूप कशाला?"

"साहेब, हे कुलूप चोरांसाठी नाहीये. आपल्याच हातांसाठी आहे."

"अगं बाई, दोन मिनिटांचं काम. उद्या परत लाव."

ताईने शब्द खोडला. अक्षरक्रमाचे नवे क्रमांक माझ्यात लिहिले गेले. यादी सुबक निघाली, समितीने वाखाणली. आणि उद्या दुसरंच काम आलं, शब्द खोडलेलाच राहिला.

रांगेत दुसऱ्या क्रमांकावर एक शिंपीणबाई होत्या. नाव 'ह'पासून सुरू होणारं. त्या एकसष्टाव्या झाल्या.

त्यांचा मुलगा सोमवारी खिडकीवर आला. "दादा, आईचा नंबर दोन होता हो. तिला आता जिनासुद्धा चढवत नाही."

"एकसष्ट दिसतोय," कारकून म्हणाला. "मी काय मनाचं सांगतोय?"

पुढच्या सोमवारी एकोणसाठ. मग सत्तावन्न. "बघ, सरकतोय की!" कारकुनाने धीर दिला. सांगत मीच होतो, मित्रांनो. माझ्यात जे लिहिलं होतं, तेच मला खरं.

चौथ्या सोमवारी तो आला नाही. पाचव्या सोमवारी आला आणि दोन नंबरची जुनी चिठ्ठी खिडकीत ठेवून म्हणाला, "आता नाव काढा."

कारकून चिठ्ठी घेऊन ताईकडे धावला. तिने मला उघडलं. मग रांग नीट लावली, शब्द जागेवर घातला. त्यानंतर दारातून आलेली पहिली विनंती शिंपीणबाईंचं नाव काढण्याची होती. मी कारण विचारलं. ताईने लिहिलं: मृत्यू. नियमात बसत होतं. मी जाऊ दिलं.

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही असं काही लिहाल. ज्याला कुणी परस्पर हात लावू नये, ते आत ठेवा. घाईतल्या माणसाला खुर्ची द्या, पाणी द्या. दार उघडं टाकू नका. ताई अजून रोज सकाळी मला उघडून ती ओळ बघते. शब्द जागेवर असतो. तरी बघते.