हर्षालीच्या पुस्तकातलं कोरं पान

माझ्या तिसरीच्या वर्गातल्या मुलांनी स्वतः चित्रांची पुस्तकं लिहिली होती. ती विकून पैसे अनाथाश्रमाला द्यायचे होते.

हर्षालीची आई द्राक्षांच्या सीझनमध्ये पिंपळगावच्या पॅकहाउसला रात्रपाळी करते. त्यामुळे पुस्तकात पानोपानी आई झोपलेली. दात पडला, आई झोपलेली. शर्यतीत नंबर आला, आई झोपलेलीच. शेवटचं पान मात्र कोरं.

मला अर्धवट काम खपत नाही. विक्रीच्या आदल्या दिवशी मीच त्या पानावर जागी, हसणारी आई रंगवली. सकाळी सगळ्यात आधी तेच पुस्तक खपलं. एका आजींनी ते नातवासाठी पुण्याला नेलं.

थोड्या वेळाने हर्षाली टेबलाशी आली.

"बाई, माझं पुस्तक?"

"विकलं गेलं! शेवटचं पान राहिलं होतं, ते मी पूर्ण केलं."

ती रडली नाही. "ते आईसाठी ठेवलं होतं. आज ती न झोपता इकडेच येणार आहे. त्या पानावर ती मला काढणार होती."

फाटकातून एक बाई लगबगीने येत होती. डोळे लाल, केसांवर पॅकहाउसची जाळीची टोपी तशीच. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होते.