मांडवात वाजलेला ॲम्प्लिफायर

श्रीधरराव वकिलांच्या टेबलावर तुंगाने त्या परदेशी ॲम्प्लिफायरचं मागचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि तिची कानशिलं तापली. आत दोन रेझिस्टन्स एकापुढे एक जोडलेले होते.

"यात काय एवढं?" श्रीधररावांनी विचारलं.

"मला हवा तसा एक रेझिस्टन्स चिकपेटेच्या बाजारात मिळाला नव्हता, म्हणून मी दोन लहान जोडले होते. ज्यांच्या कारखान्यात हवा तो मिळतो, त्यांनी दोन कशाला जोडावेत? माझी अडचणसुद्धा जशीच्या तशी उतरवून घेतलीय मेल्यांनी!"

कॉलेजात मुलींना पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या या बाईंच्या तोंडून 'मेल्यांनी' हा शब्द श्रीधरराव पहिल्यांदाच ऐकत होते.

लाउडस्पीकरचा आवाज फिरून मायक्रोफोनमध्ये शिरला की कान फाटतील अशी शिट्टी उठते. ती उठू लागताच आवाज आपोआप दाबणारी जोडणी तुंगाने शोधली होती आणि तिचं पेटंट घेतलं होतं. आता तीच जोडणी असलेले ॲम्प्लिफायर शामसुंदर नावाचा व्यापारी बोटीने मागवत होता आणि शाळांना, थिएटरांना विकत होता. तुंगाने त्याच्यावर दावा लावला होता.

"त्यांचं उत्तर आलंय," श्रीधरराव म्हणाले. "त्यांचं म्हणणं, तुमचं पेटंटच टिकत नाही. अर्ज करण्याआधीच हे यंत्र चामराजपेटेत गणपतीच्या मांडवात सगळ्यांसमोर वाजलं होतं. चारचौघांना दाखवून झालेल्या गोष्टीवर पेटंट मिळत नाही. खरं आहे का हे?"

"वाजलं होतं. मी परीक्षांच्या कामाला म्हैसूरला गेले होते. अण्णाने माझ्या कपाटाचं कुलूप तोडून नेलं."

"तुम्हाला न विचारता?"

"न विचारता. परत आल्यावर कळलं, तशी मी लगेच अर्ज पाठवला."

श्रीधरराव सरसावून बसले. "मग आशा आहे. तुमच्या संमतीवाचून बाहेर पडलेली गोष्ट तुमच्याविरुद्ध धरू नये, असं मी मांडीन. पण कुलूप तोडल्याचं तुमच्या भावाने स्वतः सांगायला हवं. तुमच्या एकटीच्या शब्दाला वजन नाही. दावा तुमचाच, तेव्हा तुम्ही तुमच्या सोयीचं सांगता असं ते म्हणतील."

अण्णा म्हणजे तुंगाचा थोरला भाऊ व्यंकोजी. चामराजपेटेत त्याचं कापडाचं दुकान होतं आणि गल्लीच्या गणपती मंडळाचा तो अध्यक्ष होता. वडील गेल्यावर तुंगाला त्यानेच शिकवलं होतं. ती त्याच्याच घरी राहायची.

"शामसुंदर तेव्हा मांडवात आला होता का?" तिने घरी येऊन विचारलं.

"आला होता की! केवढा मोठा माणूस! म्हणाला, असं स्वच्छ भाषण मी टाऊन हॉलमध्येसुद्धा ऐकलं नाही. मी म्हटलं, आमच्या तुंगाची करामत. झाकण उघडून दाखवलं त्याला. त्याच्याबरोबरचा माणूस कागदावर काहीतरी काढत होता, त्याला कॉफीसुद्धा पाजली."

"कॉफी पाजलीस?"

"मग! दारी आलेल्या माणसाला तसाच पाठवू?"

"अण्णा, घराबाहेर न्यायचं नाही म्हणून बजावलं होतं मी तुला."

"बाहेर कुठे नेलं? आपलाच गणपती, आपलीच माणसं." हे तो मनापासून बोलत होता, आणि म्हणूनच तुंगाला त्याचा जास्त संताप आला.

"मी म्हटलं होतं यांना," आतून सकवारबाई वहिनी म्हणाल्या. "कुलपावर हातोडा घालताना म्हटलं, वन्संना येऊ द्या."

"तू गप गं!"

"कोर्टात एवढंच सांग," तुंगा म्हणाली. "कुलूप तोडलं, मला विचारलं नव्हतं. जे घडलं ते. नाहीतर माझं पेटंट जाईल."

"सरी, सरी. सांगतो की. त्यात काय!"

तारखेला निम्मी गल्ली कोर्टात मागच्या बाकांवर येऊन बसली. पुढे शामसुंदर बसला होता, परीटघडीच्या पांढऱ्या सुटात. श्रीधररावांनी आधी अण्णाला उभं केलं. 'मी यंत्र मांडवात नेलं' इथपर्यंत त्याने नीट सांगितलं. श्रीधरराव कुलपाचं विचारत होते, तेवढ्यात शामसुंदरचा वकील मध्येच उठला आणि त्याने हसत हसत कन्नडमध्ये विचारलं, "काय व्यंकोजीराव, बहिणीचं कपाट फोडून चोरी करता का?"

मागे हशा पिकला. अण्णाने वळून बाकांकडे पाहिलं. मंडळाचा खजिनदारसुद्धा हसत होता. अण्णाची छाती पुढे आली.

"चोरी? आमच्या घरात तुझं-माझं नाही, स्वामी. तिला शिकवली कुणी? मी. मी न विचारता कशाला नेईन? देवाचं काम म्हणून तिनेच आनंदाने काढून दिलं."

शामसुंदरने मान डोलावली, जणू अशा घरंदाज माणसाचं त्याला कौतुकच वाटत होतं.

जेवणाच्या सुट्टीत तुंगाने अण्णाला व्हरांड्यात गाठलं. तिचा आवाज चढला नाही. "खोटं बोललास."

"मग काय सगळ्यांसमोर चोर म्हणवून घेऊ? उद्या वर्गणीची पावती फाडायला कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आणि माझं पेटंट?"

"तुझं काय अडलंय? पगार आहे, घर आहे. ते यंत्र काय, दुसरं कर. येतं की तुला."

*दुसरं कर.* शामसुंदरने निदान त्या जोडणीची किंमत ओळखली होती, म्हणून तर चोरली. या माणसाला ती पापडाच्या लाटीइतकी सोपी वाटत होती. तुंगा वळली आणि कोर्टाच्या दाराकडे चालू लागली.

"आता तुम्ही," श्रीधरराव तिला हळूच म्हणाले. "भाऊ आहे, सौम्य बोला. त्याचा गैरसमज झाला असेल, असं म्हणा."

"त्याचा कसलाही गैरसमज झालेला नाही."

साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिल्यावर तिने न्यायाधीशांकडे इंग्रजीऐवजी कन्नडमध्ये बोलायची परवानगी मागितली.

"तुमचं इंग्रजी तर उत्तम आहे," ते म्हणाले.

"मागच्या बाकांवरही कळायला हवं, म्हणून."

त्यांनी मान हलवली. मग तिने वर्गात प्रयोग सांगावा तसं एकेक सांगितलं. कपाट कुणाचं, किल्ली कुठे होती, यंत्र बाहेर न्यायचं नाही असं तिने कुणाला बजावलं होतं, कुलूप कशाने तोडलं, यंत्राचं झाकण कुणी कुणाला उघडून दाखवलं आणि तेव्हा कागदावर कोण काय काढत होतं. शामसुंदरची मान डोलायची थांबली.

"तुंगा!" अण्णा बाकावरून ओरडला. न्यायाधीशांनी त्याला खाली बसायला सांगितलं.

शामसुंदरचा वकील पुढे आला. "बाई, ज्याने तुम्हाला शिकवलं, ज्याच्या घरात तुम्ही राहता, तो तुमचा सख्खा भाऊ चोर आणि शपथेवर खोटं बोलणारा आहे, असं तुम्ही या भरल्या कोर्टात म्हणता?"

ती गप्प बसेल अशी त्याची खात्री होती. बाकांचीही होती. तुंगाने अण्णाकडे पाहिलं. तो मान नकारार्थी हलवत होता, लहान मुलीला दटावावं तशी.

"होय," ती म्हणाली. "माझ्या भावाने माझं यंत्र चोरून नेलं आणि आज तो इथे खोटं बोलला. त्याने मांडवात उघडून दाखवलेलं यंत्र तुमच्या अशिलाने उतरवून घेतलं."

जबानी लिहून घेणाऱ्या कारकुनाचा हात थबकला होता. तो न्यायाधीशांकडे पाहत राहिला.

"लिहा," तुंगा त्याला म्हणाली. "ऐकू आलं नसेल तर पुन्हा सांगते."