उभ्या चौकटी

पोस्टरकाकांच्या खिशात पेन नसलं तरी चाले, मोजायची टेप मात्र हवीच. जुन्या सिनेमांची पोस्टरं जमवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि कुठल्या देशाचं पोस्टर किती इंची, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. अमेरिकेचं सत्तावीस बाय एक्केचाळीस, जपानचं वीस बाय एकोणतीस, इंग्लंडचं तीस बाय चाळीस. काका सुरू झाले की पाहुण्यांना हटकून घरी गॅसवर ठेवलेलं दूध आठवे. काकू फक्त भिंतीवरच्या पोस्टरांच्या काचांवरची धूळ पुसत.

काकांची इच्छा एकच होती. कुणीतरी, एकदा तरी, ही पोस्टरं नीट बघावीत.

मग वाचनालयाने नवा हॉल बांधला आणि पहिल्या प्रदर्शनाचा मान काकांना दिला. त्यांना आकाश ठेंगणं झालं. इंग्लंडची पोस्टरं निवडून त्यांनी सुताराला फोनवर माप दिलं, तीस बाय चाळीस, आणि सूतभरही फरक नको असा दम भरला. सुतार शब्दाला जागला. उद्घाटनाच्या दिवशी काका पोस्टरं घेऊन पोचले, तर चौकटी भिंतीत पक्क्या बसवलेल्या, माप अगदी चोख, आणि सगळ्या उभ्या. इंग्लंडचं पोस्टर आडवं असतं. ते सांगायचं काकांना सुचलंच नव्हतं, कारण त्यांच्या मते ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

सुताराला बोल लावायला जागा नव्हती आणि वाचनालयाचे अध्यक्ष उद्घाटनाला यायला निघाले होते. काकांनी मन घट्ट करून एकेक पोस्टर कुशीवर फिरवलं आणि चौकटीत बसवलं. घोडे भिंत चढू लागले. नायिका नायकाच्या मिठीत पडायची ती थेट त्याच्या डोक्यावर पडली. आता अब्रूचं खोबरं होणार म्हणून काका कोपऱ्यात उभे राहिले.

झालं भलतंच. अध्यक्षांनी मान वाकडी केली, म्हणून सगळ्यांनी केली. बघणाऱ्याला वाकायला लावते तीच खरी कला, असं अध्यक्ष म्हणाले. चित्रकलेच्या मास्तरांना तर त्यात जगाचा ढळलेला तोल दिसला. पुढचं प्रदर्शनही असंच करा, अशी सगळ्यांनी गळ घातली. काका हसत होते आणि आतून रडकुंडीला आले होते. जन्मभर वाट पाहिली ती गर्दी समोर होती आणि तिच्यातल्या एकालाही पोस्टर दिसत नव्हतं.

काकू घरचं आवरून उशिरा आल्या. त्यांनी मान सरळच ठेवली. शेवटच्या चौकटीपाशी थांबून त्या हळूच म्हणाल्या, "अहो, हे आडवं असतं ना? आपल्या पलंगासमोरच्या भिंतीवरची ही बाई मी रोज उठल्या उठल्या बघते. आज ही पडलीये."

"सुताराला आडवं सांगायचं राहिलं," काका म्हणाले.

"मग हिला तरी घरी नेऊ. मान अवघडली असेल बिचारीची."

अध्यक्षांच्या देखत काकांनी कोपऱ्यात राहिलेला सुताराचा पेचकस उचलला आणि चौकट उघडली. लोकांना वाटलं, हाही प्रदर्शनाचाच भाग. टाळ्या पडल्या. काकांनी एक टोक धरलं, काकूंनी दुसरं, आणि पोस्टर आडवं धरून दोघं घरी निघाले.