अक्षर झुकेल तिकडे

"सिस्टर, तुळसा उजवीकडंच जाईन. तिले आणाले कोणाले तरी पाठवा ना," देवाजी पुन्हा म्हणाला. गोपिका सिस्टरने त्याची ऑक्सिजनची नळी सारखी केली आणि बोलू नका म्हणून दटावले. पाटी वाचून येतील, असेही ती म्हणाली.

"तिले वाचता येत नाही."

देवाजी पेंटर होता. सीताबर्डीवरच्या कितीतरी पाट्या त्याच्या हातच्या. त्याचे अक्षर सगळीकडून एकाच जाडीचे, साधे, आणि तिरके, घाईने निघाल्यासारखे. स्कूटरवाल्यांना, खेळाच्या सामानाच्या दुकानांना ते फार आवडे. पण त्याची एक खोड होती. कोपऱ्यावरच्या पाटीत तो दुकान ज्या अंगाला असेल त्या अंगाला अक्षर झुकवी. डावीकडे झुकलेले अक्षर पाहून बाकीचे पेंटर हसत. हसेनात का बापडे! हे त्याने बायकोसाठी, तुळसाबाईसाठी सुरू केले होते. लग्न होऊन नागपुरात आली तेव्हा ती बाजारात सारखी वाट चुके. त्याने सांगितले, माझे अक्षर ओळखायचे आणि ते झुकेल तिकडे जायचे. मग ती कधी चुकली नाही. या गोष्टीचा त्याला जेवढा अभिमान होता तेवढा दुसऱ्या कशाचाच नव्हता.

धंतोलीतल्या या दवाखान्याच्या पाट्या त्यानेच गेल्या दिवाळीत लिहिल्या. मोठ्या डॉक्टरांना हेच नव्या वळणाचे अक्षर हवे होते, पण सगळे एकाच बाजूला झुकलेले. जिन्यासमोरची पाटी पुरुष वॉर्डची, आणि वॉर्ड डावीकडे. देवाजीने तसे सांगून पाहिले. डॉक्टर म्हणाले, 'डावीकडे' असा शब्द लिहा की. त्याने लिहिला, उजवीकडे झुकवून. हातावर पोट असलेल्या माणसाने हट्ट कुठवर धरायचा? शिवाय आपल्या घरचे इथे कोण येणार, असेही त्याला वाटले.

आज सकाळी छातीत कळ आली आणि शेजाऱ्यांनी त्याला इथेच आणले. तुळसाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी काटोलला होती. निरोप मिळताच ती एसटीने निघाली होती.

गोपिका अखेर स्वतःच बघून येते म्हणाली. तेवढ्यात देवाजीला दुसरी कळ आली, डॉक्टर धावले, आणि तिला खाटेपासून हलता आले नाही. दुपारी देवाजी गेला. शेवटपर्यंत तो दाराकडेच पाहत होता.

त्याच्या अंगावर चादर ओढून गोपिका बाहेर आली. उजवीकडच्या टोकाला, कुलूप लावलेल्या एक्स-रेच्या खोलीसमोर, बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर संत्र्यांची पिशवी होती. घाम वाळला होता, म्हणजे येऊन बराच वेळ झाला असावा. गोपिका तिच्याजवळ गेली. ती म्हणाली, "वॉर्ड त्या बाजूला आहे, बाई. चला."

तुळसाबाईने लहान पोराकडे पाहावे तसे तिच्याकडे पाहिले.

"नाही वं पोरी. बोर्ड त्याहीच्याच हातचा हाये, मी पाह्यला ना. मले ते चुकू देत नाहीत."

आणि पिशवी नीट धरून ती पुन्हा बंद दाराकडे पाहत बसली. गोपिका तिच्याशेजारी बाकावर टेकली.