डोराची शिकवणी

विब्रेन डाइकमाचं सारं आयुष्य नेदरलँड्समधल्या हार्लिंगेनच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारण्यात गेलं होतं. घरात त्यानं नुसतं मीठ मागितलं, तरी शेजारणीच्या कपाटातल्या बश्या वाजायच्या. निवृत्त झाल्यावर त्यानं एक तपकिरी कुत्री आणली. रुमानियात रस्त्यावरून सोडवलेली, नाव डोरा. ती दारात आली तसा तो मायेनं गरजला, "ये गं पोरी!"

डोरा सोफ्यामागे घुसली ती घुसलीच. विब्रेन घराबाहेर पडला की तेवढ्यात खाऊन घ्यायची, की पुन्हा आत.

शेवटी भित्र्या कुत्र्यांना धीट करणारी रोम्के आली. तिनं सोफ्यामागे डोकावलंसुद्धा नाही. विब्रेनलाच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुत्री तिकडे आहे," तो म्हणाला.

"कळलं. पण शिकवणी तुमची आहे. बोलायचं नाही. तिच्याकडे बघायचं नाही. हात पुढे करायचा नाही. तिच्याकडे पाठ करून जमिनीवर आडवं व्हायचं आणि मधूनमधून चीजचा तुकडा मागे टाकायचा."

"आणि ती जवळ आली तर?"

"जवळ यायचं की नाही, ते तिला ठरवू द्या. तुम्ही हलू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी विब्रेन फरशीवर आडवा झाला. बऱ्याच वेळानं मोज्याला काहीतरी ओलं लागलं. डोराचं नाक! त्यानं श्वास रोखून धरला.

नेमकी तेव्हाच शेजारीण फ्रौके खिडकीपुढून चालली होती. पडदे त्या गल्लीत कोणी लावतच नाही. तिनं काच ठोठावली, "अहो विब्रेन! काय झालं?" विब्रेननं हळूच एक बोट हलवून तिला 'जा' म्हटलं. फ्रौकेला वाटलं, झटका आला. तिनं अँब्युलन्स बोलावली.

मागचं दार उघडून दोन माणसं पेटी घेऊन धावत आत शिरली, मागोमाग फ्रौके. डोरा केव्हाच सोफ्यामागे पसार झाली होती.

"खाली बसा रे सगळे," विब्रेन कुजबुजला. "घरात कुत्री आहे."

दोघांतला धिप्पाड येल्मर पांढराफटक पडला. "कु... कुत्री?" तो भिंतीला टेकला आणि घसरत खाली बसला. डोळे मिटलेले, हात काखेत, तोंडातून शब्द नाही. दुसरा आडव्या विब्रेनचा रक्तदाब मोजू लागला. फ्रौके विब्रेनजवळचं चीज उचलून चघळू लागली.

"ते तिचं आहे!" विब्रेन पुटपुटला.

"मग वास कशाला इतका छान येतो?"

एवढ्यात डोरा बाहेर आली. विब्रेनला वळसा घालून थेट येल्मरपाशी गेली आणि त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली.

"काय... काय करतेय ती?"

"बसलीय," विब्रेन धुसफुसला. "चीज माझं, फरशी माझी, पाठ माझी दुखतेय, आणि ही बसली तुझ्यापाशी!"

विब्रेननं फोनवर सगळं सांगितलं, तर रोम्के हसत सुटली. "बोलला नाही, बघितलं नाही, हात पुढे केला नाही. याहून गुणी विद्यार्थी मी पाहिला नाही."

"अगं, तो भीतीनं गारठला होता!"

"तिला कुठं ठाऊक? त्याला पुन्हा बोलवा."

येल्मर सुट्टीच्या दिवशी यायला लागला. आधी डोळे मिटून बसायचा, मग एक डोळा उघडून. त्याचं बघून विब्रेनही गप्प बसायला शिकला, आणि एका दुपारी डोरानं त्याच्याही हातातून चीज घेतलं. तेव्हा त्याला कोण आनंद झाला! पण ओरडायची चोरी. बिचारा उशी तोंडात धरून बसला.

वसंतात तिघं पहिल्यांदा समुद्राच्या बांधावर फिरायला गेले. समोरून एका म्हातारीचा बुटका डाक्सहुंड कुत्रा येताना दिसला. डोरा येल्मरच्या मागे लपली. येल्मर डोराच्या मागे लपायला गेला. दोरीत विब्रेनचे पाय गुरफटले आणि तो गवतावर बसला.

"चावतो का हो?" येल्मरनं विचारलं.

"तो? त्याला मेंढ्यांचीसुद्धा भीती वाटते," म्हातारी म्हणाली.

विब्रेननं दोरी सैल सोडली आणि गप्प राहिला. डोरानं मान लांब केली, डाक्सहुंडचं नाक हुंगलं आणि शेपटी एकदा हलवली. मग येल्मर उकिडवा बसला. त्यानं खूप विचार करून आपलं एक बोट पुढे केलं, आणि डाक्सहुंडनं ते चाटलं.