फुलमळ्यातली फारकत

राहीबाई भिंगारच्या नाक्यावर एस्टीतून उतरली तेव्हाच तिचं डोकं फिरलेलं होतं. पाच वर्षांपूर्वी घराबाहेर काढलेल्या सुनेच्या दारात आज तिला आपल्या पायांनी जावं लागत होतं. लेकाचं, बन्सीचं, दुसरं लग्न जुळत आलं होतं. पण मुलीचे वडील काकासाहेब हटून बसले होते. पहिलीची फारकत लेखी आणा, मगच सुपारी फोडू. गावातल्या एका लिहिणाऱ्याकडून राहीबाईनं कागद करून घेतला होता. छबूचा अंगठा तेवढा हवा होता, म्हणून पिशवीत शाईची डबीही होती.

छबूच्या बापाचा मळा गावाबाहेर, तीनेक एकरांचा. बांधावरून दिसलं ते बघूनच राहीबाईचं अंग जळालं. पावसानं दोन वर्षं पाठ फिरवलेली, तिच्या श्रीगोंद्याकडं माणसं हंडाभर पाण्यासाठी रांगा लावत होती, आणि इथं छबू शेवंतीच्या बुडाशी तांब्यातांब्यानं पाणी घालत होती. पलीकडं गुलछडी, कडेला जांभळ्या तुऱ्यांची खुरटी झुडपं, आणि बांधालगत लाकडी पेट्या ओळीनं मांडलेल्या. पेट्यांभोवती मधमाश्यांचा घोंघाट चालला होता.

छबूनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"कशापायी आल्या, बाई?"

पूर्वी ती 'आत्याबाई' म्हणायची. ते 'बाई' राहीबाईला कानशिलात बसल्यासारखं लागलं. कडुलिंबाखाली छबूचा म्हातारा बाप कारभारी गुलछडीच्या जुड्या बांधत होता. त्यानं ना बसा म्हटलं, ना पाणी विचारलं.

"मानसं पान्यावाचून तडफडत्यात, आन तू फुलांना पाजतीस," राहीबाई म्हणाली.

"हिर आटली आमची. अर्ध्या कोसावरनं घागरीनं आनते. तुमच्या आडातलं न्हाई."

"आन ही झुडपं? शेळीबी तोंड लावायची न्हाई."

"लव्हेंडर हाय ते. एका कर्नलच्या बाईनं रोपं दिली. कॅम्पातल्या बाया वाळवून कपड्याच्या पेटीत ठेवत्यात. माश्यांनाबी आवडतं." छबू तांब्या घेऊन पुढच्या वाफ्यात सरकली. "काम बोला."

राहीबाईनं कागद काढला. छबूनं हात पदराला पुसले आणि तो सरळ वाचायला लागली. ही वाचायला कधी शिकली, हे राहीबाईला ठाऊकच नव्हतं.

"'मी छबूबाई, माझ्या खुशीनं नांदायचं सोडून आले.'" छबू थांबली. "खुशीनं? भर वैशाखात, दुपारच्या वक्ताला तुमी माजं गाठोडं अंगनात फेकलं. अनवानी निघाले मी."

"मग वांझेला पाटावर बसवून पुजायची हुती का?"

बोलता बोलता राहीबाईनं रागानं हातातली छत्री फिरवली आणि तिचा फटका शेजारच्या पेटीला बसला. झाकण सरकलं. माश्या भसकन बाहेर पडल्या.

"खाली बसा. तोंड झाका," छबू म्हणाली.

राहीबाई पळाली. दहा पावलांत तिच्या गालावर, पापणीवर, मानेवर सहा-सात काटे रुतले. छबूनं धुमसती गोवरी आणून धूर केला, झाकण बसवलं, आणि मग तिला दंडाला धरून कडुलिंबाखाली नेलं. नखानं खरवडून एकेक काटा काढला. तिच्या हातात माया नव्हती, पण चूकही नव्हती.

"चिमटीत धरायचा न्हाई. ईख आनखी उतरतं," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

राहीबाई घटाघटा प्यायली. "मी मरावं आसंच आसंल तुज्या मनात."

"व्हय. पन माज्या मळ्यात नगं."

मग छबूनं बापाकडून पेन्सिल घेतली, कागद उलटा केला, आणि पाठीमागं लिहून वाचून दाखवलं. राहीबाईनं सुनेला घराबाहेर काढलं. सुनेची काही चूक नव्हती. तिला आता परत नांदायचं नाही.

"पयला तुमचा अंगठा. मग माजी सई."

राहीबाईचा एक डोळा मिटत चालला होता. सुपारीचा मुहूर्त पंधरा दिवसांवर होता. काकासाहेबांना फारकतीशी मतलब, वरच्या दोन ओळी कोण बघतंय, असं तिनं मनाशी धरलं. पिशवीतली डबी काढून तिनं अंगठा उठवला. छबूनं खाली सही केली.

"आता जावा. पाचची एस्टी हाय," एवढं बोलून ती वाफ्याकडं वळली.

तिसऱ्या दिवशी काकासाहेबांनी आपल्या ओसरीवर तो कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा मोठ्यानं, दाराआड उभ्या असलेल्या बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात. मग घडी घालून तो राहीबाईच्या हातात परत दिला.

"फारकत खरी हाय. पन माजी पोर मी तुमच्या उंबऱ्यात देत न्हाई."

राहीबाई माश्यांचं सांगायला लागली. आपण दुखण्यानं बेजार होतो, तिनं बळजबरीनं अंगठा घेतला, मुळात पोरगीच नांदणारी नव्हती. तिचा आवाज चढत गेला. शेजारी बन्सी बसला होता. पाच वर्षांपूर्वी त्या दुपारी तो गोठ्यात होता आणि बाहेर आला नव्हता.

"आई, कागदात लिवलंय ते खरं हाय," तो म्हणाला. "ऊठ."

काकासाहेबांनी त्यांना अडवलं नाही. बन्सीनं वहाणा घातल्या आणि तो रस्त्याला लागला. राहीबाईनं मागून दोन हाका मारल्या, पण तो थांबला नाही.