बिअरचा तिसरा घाणा

होळकरांची फौज हिंदी सैन्यात विलीन झाली आणि कॅप्टन दौलतराव पेन्शन घेऊन कृष्णपुऱ्यातल्या घरी बसले. बसले ते नावालाच. लढाईत एका गोऱ्या सार्जंटाकडून ते बिअर करायला शिकले होते, आणि आता तेच खूळ डोक्यात शिरलं होतं. त्यांचे जुने कमांडर अप्पासाहेब संक्रांतीला ग्वाल्हेरहून यायचे होते. त्यांच्यापुढे घरची बिअर ठेवायचीच, असा दौलतरावांचा पण होता.

दोन घाणे आंबट होऊन गटारात गेले होते. तिसऱ्यात त्यांनी जीव ओतला. राऊहून जव आणून गच्चीवर मोड काढले, भाजले. महूहून हॉप्सची कडू फुलं आणि बेकरीतलं यीस्ट आणलं. जव आणि हॉप्स उकळून, गार करून त्यात यीस्ट घातलं. आठवडाभर फसफसून बिअर शांत झाली. आता गाळ खाली बसायला ती दहा दिवस गारठ्यात ठेवायची होती. लाकडी पेटीत भुसा, भुशात बर्फ आणि मधोमध काचेची मोठी बरणी.

पण डिसेंबरात बर्फ मिळेना.

"कप्तान साब, ठंड में बरफ कौन खाए है? कारखाना आधा बंद है," बर्फवाला म्हणाला.

"अरे भिया, खाने को नहीं चाहिए!" दौलतराव भडकले. रोज सायकल दामटत ते शहरभर हिंडले. एकदा अर्धी लादी वाटेतच वितळून धोतर चिंब झालं. दुपारी ऊन चढलं की ते पेटीपाशी येऊन थर्मामीटर बघत आणि स्वतःशीच चरफडत.

दहाव्या दिवशी मात्र बरणीत सोनं दिसत होतं. पेलाभर काढून त्यांनी चाखलं. अगदी सार्जंटाच्या बिअरची चव! जेवण उरकून लगेच ते कामाला लागले. बाटल्या उकळलेल्या होत्या. प्रत्येकीत फेसासाठी मोजून साखर घातली, रबराच्या नळीचं एक टोक बरणीत सोडलं, दुसरं ओठांत धरून ओढलं आणि धार बाटलीत सोडली. सोळा बाटल्या भरल्या, पत्र्याची बुचं दाबली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्यांनी एक बाटली फोडली. फेस झकास आला. घोट घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. आंबट! पुन्हा तेच!

"सगळं उकळलं, मोजलं! अजून काय करू, डोकं फोडून घेऊ?" त्यांनी पेला आदळला.

त्यांच्या पत्नी इंदिराबाई दारात उभ्या होत्या. बिअरचा वासही त्यांना नको असे, पण त्या दिवशी बाटल्या भरताना त्यांनी पाहिलं होतं.

"अहो, ताकभात खाऊन उठलात आणि तशीच नळी तोंडात घातलीत ना?"

"मग? त्याशिवाय धार कशी लागणार?"

"लोणच्याच्या बरणीत उष्टा चमचा घातला तर महिनाभर तरी टिकेल का लोणचं?"

दौलतरावांना आधीचे दोन घाणे आठवले. दोन्ही वेळेस असंच झालं होतं. महिनोन् महिने पाणी, जव, बर्फ, सगळ्यांना दोष दिला, आणि दोष होता स्वतःच्या तोंडाचा!

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले होते. 'किचनमधलं शहाणपण इथं नको' म्हणालात."

नवा घाणा लावायला आता वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी अप्पासाहेब आले. ठरवल्याप्रमाणे दौलतरावांनी त्या आंबट बिअरचीच बाटली पुढे ठेवली. म्हाताऱ्यानं घोट घेतला, थांबला, आणखी एक घेतला. "छान आहे, दौलत," म्हणत पेला संपवला, दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

ती सभ्यता दौलतरावांना आंबटपणाहून जास्त झोंबली.

"साहेब, कंपनीसमोर माझी चूक कधी झाकलीत? मग आज का?"

अप्पासाहेबांनी पेला खाली ठेवला, मिशा पुसल्या. "ऐकायचंय? भिकार आहे. घोड्यालाही पाजू नये."

दौलतरावांनी मान हलवली. मग एकदमच त्यांना हसू फुटलं, पण डोळे भरून आले होते. "उष्टी आहे, साहेब," ते म्हणाले, आणि नळीपासूनची सगळी हकीकत त्यांनी सांगितली. चूक कुणी पकडली हे सांगताना इंदिराबाईंचं नाव घ्यायला मात्र त्यांना फार जड गेलं. पण घेतलं.